शांततेत पार पडले

यंदा भरताची वांगी आणि निवडणूक एकदमच आली. पिशवी घेऊन बाजारात गेलो तर एका बाजूला पोपटी वांग्यांचे ढीग आणि दुसऱ्या बाजूला रिक्षावर बांधलेला भोंगा. भाव विचारायला मी तोंड उघडलं की भोंगाच बोलायचा. वांगीवाली वैतागून म्हणाली, दादा, बोटांनी सांगा किती पाहिजे ते. मी दोन बोटं दाखवली, तिनं दोन किलो तोलून पिशवीत टाकली. घरी येऊन वांगी धुतली, पुसली, तेलाचा हात लावत बसलो, तर माय दिवाणावरून म्हणाली, मत कधी शे रे? मी म्हटलं, तुला कुठे जायचं नाही, ते घरी येणार आहेत मत घ्यायला. ती माझ्याकडे पाहत राहिली. वय झालं, कमी ऐकू येतं, असं मी धरून चाललो.

आमची माय शहाऐंशीची आहे. पंच्याऐंशीच्या पुढच्यांसाठी घरबसल्या मतदानाची सोय निघाली आहे. यादीचं काम करणाऱ्या बाई फॉर्म घेऊन आल्या तेव्हा ती झोपली होती. मीच सगळं भरून ठेवलं आणि संध्याकाळी तिचा अंगठा घेतला. कसला कागद, तिनं विचारलं. मताचा, मी सांगितलं. तेवढ्यावर तिनं अंगठा दिला. आपण म्हातारीचं भलं केलं म्हणून मी त्या रात्री खुशीत झोपलो.

लोक हिवाळ्याच्या आठवणी काढतात तेव्हा त्यांत शेकोटी असते, हुरडा असतो, कोवळं ऊन असतं. माझ्याही आठवणींत ते सगळं आहे, नाही कशाला म्हणू? कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्च्या तेलाची धार आणि ठेचा. पण माझ्या एका हिवाळ्याला शिशाचा आणि रॉकेलचा वास आहे. तो वास नाकातून जात नाही. दरवर्षी थंडी पडली की पहिल्यांदा तो येतो, मग बाकीचं.

एकोणनव्वद सालचा नोव्हेंबर. मी जळगावात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय राज्यशास्त्र. विद्यापीठ पुण्यात आणि विद्यार्थी जळगावात, अशी आमची तऱ्हा. विद्यापीठ म्हणून जे काही असतं ते मी फक्त उत्तरपत्रिकेवरच्या शिक्क्यात पाहिलं होतं. रेल्वे लाइनच्या पलीकडे तिघांत एक खोली. सकाळी स्टोव्हवर पाणी तापवायचं, ते एकाच्या आंघोळीपुरतं व्हायचं, म्हणून पाळी लावलेली. ज्याची पाळी नसेल तो तोंड धुऊन स्वेटर चढवायचा आणि आंघोळ झाल्यासारखा वागायचा. मग गच्चीवर ऊन येईल तसं सरकत सरकत वाचायचं. निवडणूक आयोगाची रचना व कार्ये, वीस गुणांचा हमखास प्रश्न. मी तो इतका घोकला होता की झोपेत बरळायचो, असं खोलीतले सांगायचे. प्रौढ मताधिकार, गुप्त मतदान, एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य. सगळं तोंडपाठ. अशी हुशारी माणसाला किती मूर्ख करून सोडते, हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

दुपारनंतर मी एका सायंदैनिकात जायचो. पेपरचं नाव सांगत नाही, तो बंद पडला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चार पानांचा पेपर, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेला. संपादकांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. गोरे, गुबगुबीत, गळ्याला मफलर, आणि बोलणं एवढं गोड की माणसाला काढून टाकलं तरी त्याला बढती मिळाल्यासारखं वाटायचं. मला पगार असा काही नव्हता. फोटो चिकटवलेलं एक ओळखपत्र होतं, 'वार्ताहर' असं लिहिलेलं. ते खिशात असलं की एस.टी.च्या कंडक्टरपासून तहसीलदाराच्या शिपायापर्यंत माणसं आवाज खाली आणत. आमच्या वस्तीतल्या पोराशी आवाज खाली आणून कुणी बोलतंय, ही गोष्ट मला नवी होती. मी त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जीव टाकायचो. आज लाज वाटते, पण टाकायचो.

निवडणुकीची बातमी कशी लिहायची ते मी त्या महिन्यात शिकलो. भाऊसाहेबांनी मला एकदा धुळ्याकडे पाठवलं, सोनगीरला सभा होती. किल्ल्याखाली मंडप टाकलेला, उमेदवार साडेचारला येणार होता. सहा वाजले, गार वारा सुटला, डोक्यावर पोती घेतलेली माणसं एकेक करून उठून गेली. उमेदवार आला तेव्हा मंडपात अकरा माणसं होती, त्यांतले तीन आम्ही पेपरवाले. त्यानं हात जोडून अथांग जनसागराला वंदन केलं. मी परत येऊन अकराच लिहिलं. भाऊसाहेबांनी माझ्यादेखत अकराच्या जागी 'प्रचंड प्रतिसाद' केलं आणि मायेनं म्हणाले, अरे, आकडा लिहिला की भांडण होतं, विशेषण लिहिलं की होत नाही. हे मला तेव्हा फार मोठं ज्ञान वाटलं होतं. वहीत लिहूनही ठेवलं.

छापखान्यात दगडूआबा होते. साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोटं शिशानं कायमची काळी. खणांतले खिळे न पाहता उचलायचे आणि ओळ जुळवायचे, उलटी. अंक छापून झाला की सगळे खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, हा रोजचा नियम. पण त्यांच्या मागच्या फळीवर काही ओळी सुतळीनं बांधून ठेवलेल्या असायच्या. त्या कधी सोडायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, आबा, हे काय? त्यांनी एकेक ओळ हातात घेऊन उलटी वाचून दाखवली. 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.' 'सखोल चौकशीची मागणी होत आहे.' 'तालुक्यात मतदान शांततेत पार पडले.' रोज लागतात, आबा म्हणाले, कोण पुन्हा पुन्हा जुळवत बसेल, पुढे तालुक्याचं नाव तेवढं बदलायचं. शांततेची ओळ किती वर्षांची, मी विचारलं. त्यांनी ओठ पुढे काढून विचार केला. सुतळी दोनदा बदलली, म्हणाले.

मी हसलो होतो. गच्चीवर जाऊन खोलीतल्या दोघांनाही सांगितलं, तेही हसले. त्या वयात माणसाला वाटतं, ज्या गोष्टीला आपण हसलो तिच्यातून आपण सुटलो.

मतदानाच्या दिवशी मला सकाळी आठलाच बोलावलं होतं. आमच्या पेपरची गावोगावी जाणारी डाक आवृत्ती बाराला निघायची, साडेबाराच्या एस.टी.त गठ्ठे पडायचे. मतदान संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे मतदान कसं झालं ते मतदान होण्याआधी छापायचं होतं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. दहा वाजले तरी अमळनेरचा फोन लागेना. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. अमळनेर तुझाच तालुका ना? तुझ्या गावात होतं का कधी काही? मी म्हटलं, नाही, काही होत नाही. मग लिही की, ते म्हणाले, आणि आज तुझं नाव टाकू, आपल्या वार्ताहराकडून म्हणून. दगडूआबांनी फळीवरून सुतळीची ओळ काढली, आधी अमळनेर जुळवलं, मग माझं नाव. माझं नाव मी पहिल्यांदा शिशात पाहिलं, उलटं. मला ते सुलट वाचता आलं याचाच केवढा आनंद.

साडेबाराच्या गाडीत अमळनेरचा गठ्ठा मी स्वतः मांडीवर घेऊन बसलो. मलाही मत द्यायचं होतं आणि माझं नाव गावात पोहोचायचं होतं. दोन्हींत घाई कशाची जास्त होती ते विचारू नका. एरंडोल, धरणगाव, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, वेचणीला वाकलेल्या बाया. सुट्टी असूनही शेतं भरलेली होती. मला ते दिसलं होतं. त्याचा अर्थ लागायला गावात जावं लागलं.

अडीचला उतरलो. फाट्यावरच्या पानटपरीवाल्यानं गठ्ठा सोडला आणि दोन अंक उचलून आधी शाळेत पाठवले, केंद्रावरच्या साहेबांना म्हणून. मी घरी आलो. माय नुकतीच वावरातून आली होती. गावातल्या मोठ्या घरच्या नानांचं ते वावर. त्यांच्या मुकादमानं सकाळीच बायांना नेलं होतं आणि बारा पांढऱ्या ओळी संपल्याशिवाय सोडलं नव्हतं. मत काय पळून जातं का, म्हणाला होता. माय मात्र घाईत नव्हती. तिनं पाणी तापवलं, आंघोळ केली, पेटीतलं पांढरं लुगडं काढलं. आमच्या घरात एकच फोटो होता, निळ्या कोटातला. त्याच्यासमोर हात जोडून ती निघायची, मताच्या दिवशी आणि जयंतीच्या दिवशी. वाचता येत नव्हतं, सही येत नव्हती. पण आपलं मत त्या फोटोतल्या माणसानं आपल्या हातावर ठेवलं आहे, हे तिला माझ्या सगळ्या नोट्सपेक्षा जास्त कळत होतं. वडील गेल्यावर ती कुणाच्या दारात काही मागायला गेली नाही. शाळेच्या त्या खोलीत मात्र ती काही वर्षांनी एकदा पदर सावरून, ताठ जायची, काही मागायला नाही, स्वतःचं वापरायला.

शाळेत गर्दी नव्हती. टेबलाच्या मागे केंद्राचे मुख्य अधिकारी, धुळ्याकडचे कोणी मास्तर, थकलेले, कानटोपी घातलेले. बाकावर दोन पक्षांचे दोन एजंट एकाच काडीवर विड्या पेटवून बसलेले. टेबलावर आमचा पेपर पसरलेला. मायनं नाव सांगितलं. मास्तरांनी यादीवर बोट फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. तुमचं मत पडलंय बाई, ते म्हणाले. नावावर खूण आहे.

मला आधी कळलंच नाही. मायला लगेच कळलं. तिनं डाव्या हाताचं बोट टेबलावर, अगदी पेपरवरच ठेवलं.

"मी तर आतेच येल शे. मन्हं बोट देखा. शाई कोठे शे?"

मास्तर बोटाकडे पाहत राहिले. बोट धुतलेलं, बोंडांनी ओरखडलेलं, पण शाई नव्हती. मग बाकावरचा एक एजंट, आमच्याच गावचा, नानांच्या घरचा माणूस, अगदी समजावणीच्या सुरात बोलला.

"अक्का, व्हयी गये ना आते मतदान. पेपरमा बी उनं. शांततेमा व्हयनं. तुन्हाच पोऱ्यानी लिखेल शे."

त्यानं पेपर उचलून माझ्या नावावर बोट ठेवलं. मायला वाचता येत नव्हतं, तरी तिनं त्या जागेकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरंच लिहिलंय का, एवढंच विचारत होती. मी मान खाली घातली नाही, हे माझं आणखी एक पाप. मी त्या क्षणी हुशारी केली.

मला माहीत होतं ना सगळं. रचना व कार्ये. एखाद्याच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलं असेल तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका मागता येते, कायद्याच्या भाषेत प्रदत्त मत. मी खिशातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि कलमाचा आकडा सांगितला. एजंटांच्या विड्या खाली आल्या. मास्तरांनी सामानाची पेटी उघडली, कागद शोधले, मायला चार प्रश्न विचारून लिहून घेतले, अंगठा घेतला, बोटाला शाई लावली. मतपत्रिकेच्या मागे स्वतःच्या हातानं काहीतरी लिहिलं आणि तिला आडोशाला पाठवलं. ती आली तेव्हा तिचं मत पेटीत गेलं नाही, एका पाकिटात गेलं. मला त्यांनी दाराशी उभं केलं होतं. मास्तर पाकीट बंद करताना तिच्याकडे वाकून काहीतरी हळूच बोलले, मला ऐकू आलं नाही. तिनं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

बाहेर आल्यावर मी हवेत होतो. माझं मत मी कुणाला दिलं तेही धड आठवत नाही. वस्तीत सगळ्यांना सांगितलं, मायचं मत वेगळं, सरकारी पाकिटात, सही-शिक्क्यानं. शेजारच्या तिघींची नावंही अशीच गेली होती, पण त्या मुकाट्यानं परतल्या होत्या. त्यांच्यापाशी पोरगा पेपरवाला नव्हता, असं मी मनात म्हटलं. म्हटलं, अगदी याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी जळगावात येऊन मी बातमी लिहिली. वेचणीत अडकवलेल्या बाया, चार गेलेली मतं, मायचं पाकीट. विशेषणं घातली नाहीत, आकडे घातले. भाऊसाहेबांनी ती दोनदा वाचली, मफलर सैल केला. चांगली लिहिलीयस, म्हणाले. मग म्हणाले, काल आपण शांततेत छापलं, आज हे छापायचं तर आधी खुलासा छापावा लागेल की कालची बातमी चूक होती. बातमी कुणाची होती? खोट्या बातमीच्या वार्ताहराचं ओळखपत्र मग मला परत घ्यावं लागेल रे, म्हणाले, नियमच आहे. हे सगळं इतक्या हळू आवाजात की जणू माझ्या तब्येतीची चौकशी चालली होती. तू विचार कर, घाई नाही.

विचार कसला करतो. मतमोजणी दोन दिवसांवर होती आणि ओळखपत्राशिवाय आत सोडत नव्हते. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दगडूआबा खिळे सोडत होते. शांततेची ओळ त्यांनी बाजूला काढली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, सुतळी आवळली आणि फळीवर ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, किंवा मला तसं वाटलं. माझं नाव मात्र त्यांनी सोडवलं, एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात.

मतमोजणी जळगावला धान्याच्या गोदामात होती. आत तागाचा वास, टेबलांवर मतपत्रिकांचे गठ्ठे, बाहेर गुलाल. शहरात टीव्हीच्या दुकानांपुढे गर्दी, निकालांच्या मधे मधे सिनेमा दाखवत होते, माणसं दोन्ही सारख्याच चवीनं बघत होती. मी ओळखपत्र दाखवून आत गेलो, आमच्या गावच्या केंद्राचं टेबल शोधलं आणि तिथल्या कारकुनाला, मी एम.ए. करतो हेही ऐकवून, विचारलं, ते प्रदत्त मताचं पाकीट कधी उघडणार? त्यानं आधी मला नीट पाहून घेतलं. उघडत नाहीत, म्हणाला. कोणी कोर्टात गेलं आणि कोर्टानं मागितलं तर. नाहीतर ठेवतात, मुदत संपली की नष्ट करतात. तुम्ही कुठल्या विषयात एम.ए. करताय म्हणालात?

कलम मला पाठ होतं. पुढचं वाक्य मी वाचलं नव्हतं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून.

त्या रविवारी गावी गेलो तेव्हा माय ओट्यावर ज्वारी निवडत होती. बोटावरची शाई अजून होती. पाकीट खोलं का रे, तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, खोललं. मोजलं? मोजलं. ती पुन्हा सुपाकडे वळली. तेवढंच. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला ती सकाळी सातला, सगळ्यांच्या आधी रांगेत उभी राहायची, मग मुकादम काही म्हणो. आणि कधीतरी, वर्षा-दोन वर्षांनी, मधेच विचारायची, त्या टायमाचं मन्हं पाकीट खोलेलच व्हतं ना? मी म्हणायचो, हो. एकदा छापून खोटं बोललो होतो, मग तोंडानं बोलत राहिलो, पस्तीस वर्षं. मधे मला पहिला वर्ग मिळाला, नोकरी मिळाली, मी निवडणूक या विषयावर पोरांना शिकवलंसुद्धा. प्रदत्त मत आलं की मी घसा खाकरून पुढे जायचो.

पेपर बंद पडला तेव्हा खिळे वजनावर गेले. दगडूआबा त्याआधीच गेले होते. त्या ओळीचं काय झालं मला माहीत नाही. आज कुणाला सुतळीही लागत नाही, टीव्हीवरची पोरं मतदान चालू असतानाच तोंडानं तीच ओळ जुळवतात.

आता यंदाचं सांगतो. मतदानाच्या आठवडाभर आधी पाच जण घरी आले. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला आणि एक निरीक्षक. फार अदबीनं वागले. पुठ्ठ्याचा आडोसा दिवाणावर मांडला, मायच्या हातात मतपत्रिका दिली. ती उठून बसली होती, पांढरं लुगडं सकाळीच नेसलेली. कर्मचाऱ्यांतल्या बाई म्हणाल्या, आजी, खूण करा आणि या पाकिटात घाला, मग आम्ही बंद करू. मायनं पाकीट पाहिलं आणि मतपत्रिका बाजूला ठेवली.

"पाकीटमा नही. डबामा टाकसू मी."

बाईंनी समजावलं, मी समजावलं, पाकीट नंतर पेटीतच जातं, मोजतात, नक्की मोजतात. ती माझ्याकडे वळली.

"एकदाव पाकीटमा टाकेल शे मी. ते आजून बंदच शे."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? त्या पाच जणांसमोर विचारलं, कॅमेरा चालू होता. म्हणाली, त्या मास्तरनी तवयच सांगं व्हतं, बाई, हे मोजत नहीत. मी विचारलं, मग टाकलंस कशाला?

"तू दारमा हुभा व्हता. तुन्हं तोंड कितलं फुलेल व्हतं."

माणसं निघून गेली. दोन दिवसांनी नियमाप्रमाणे पुन्हा आली, तिनं पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं. जाताना बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सर, फॉर्म भरला की यादीत नावापुढे खूण होते, आता यांना केंद्रावर मत देता येणार नाही, तुम्ही फॉर्मच्या मागचं वाचलं असेल ना? मी वाचलं नव्हतं. याही वेळी नाही. मायला हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणत मतदानाचा दिवस आला.

सकाळी सहाला ती तयार होऊन दिवाणावर बसली होती, काठी हातात. थंडी होती. मी म्हटलं, माय, नको जाऊ. ती उठली. रिक्षा आणली, केंद्रापर्यंत नेलं, रांगेतल्यांनी आजींना पुढे सोडलं. टेबलामागे चुणचुणीत पोरगा होता, त्यानं यादी पाहिली, पुन्हा पाहिली. आजी, तुमच्या नावापुढे खूण आहे, तो म्हणाला, तुम्हाला इथे मत देता येणार नाही. आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं.

मायनं डाव्या हाताचं बोट टेबलावर ठेवलं.

"मन्हं बोट देखा."

पोरगा बोटाकडे पाहत राहिला आणि मी त्याच्या मागच्या भिंतीकडे. मग मी पुढे झालो आणि सांगितलं, फॉर्म मी भरला. तिला विचारलं नव्हतं. पस्तीस वर्षांत मी अशा टेबलापाशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. माय सगळं ऐकत होती, तिला काही कमी ऐकू येत नाही.

बाहेर आलो. दारात एका वाहिनीची मुलगी माइक घेऊन उभी होती, म्हातारी बाई दिसली म्हणून धावत आली. आजी, केलं का मतदान? मायनं तिच्याकडे पाहिलं नाही. कोरं बोट पदरात गुंडाळलं, काठी टेकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली,

"लिखी टाक. बठ्ठं शांततेमा व्हयनं."